उतारावर लावलेली गाडी

आमच्या दादांची पिकअप सपाट जागेवर उभी असलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे. दादा म्हणजे माझे वडील. घाटनांदूरला आमची शेती, आणि शेतीच्या जोडीला ही जुनी डिझेल गाडी. मी अकरावीत असताना ती आली, तीही कुणीतरी वापरून सोडलेली. आणि गेली वीस वर्षं दादा कुठेही गेले की आधी उतार शोधतात आणि मग ज्याच्यासाठी आलो ते काम. चहा प्यायचा तर ज्या हॉटेलासमोरून रस्ता खाली जातो तिथेच, मग चहा कसाही असो. लग्नाला गेलो की मांडव एकीकडे आणि आमची गाडी तिसऱ्याच गल्लीत. चाकाखाली लावायचा दगडसुद्धा गाडीतच असतो, वर्षानुवर्षं तोच. निघताना दगड काढायचा, गाडी घरंगळू द्यायची, दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. मग गाडी दोनदा खोकते आणि चालू होते. किल्ली फिरवून, सेल्फ मारून गाडी चालू करणं ही त्यांच्या लेखी उधळपट्टी.

यावरून मी त्यांना वीस वर्षं पिडलं. माझं स्थळ पाहायला ते अंबाजोगाईला आले तेव्हा मुलगा, घर, नोकरी हे सगळं बघायच्या आधी त्यांनी उतार बघितला, असं मी माहेरी-सासरी सगळ्यांना रंगवून सांगत असे. दादा हसत आणि सुपारी कातरत राहत. खोटं आहे असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

लग्नानंतर मी अंबाजोगाईतच राहिले. तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. दादा दर रविवारी येतात. येताना कधी ज्वारी, कधी शेपू-मेथी, कधी नुसतीच लिंबं. आमच्या दारापुढचा रस्ता ताटासारखा सपाट. त्यामुळे गाडी दोन गल्ल्या पलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी उतारावर लागते आणि दादा खांद्यावर पोतं घेऊन चालत येतात. गुडघा दुखत असला तरी चालत. मी दारातच चिडते, "अहो दादा, पोतं उतरवून तरी गाडी तिकडं न्या!" ते म्हणतात, "पाय मोकळे व्हतेत माय." मग दुपारभर आमच्याकडे पंख्याखाली आडवे होतात, चहा घेतात आणि चारला उठतात. विशेष काही बोलत नाहीत. पण एखाद्या रविवारी आले नाहीत तर मला सोमवारी वर्गात शिकवणं सुधरत नाही.

गेल्या पावसाळ्यात गाडीनं नवीनच खोड काढली. एक दिवस उभी राहिली तर काही नाही, दोन दिवस उभी राहिली की बॅटरी पार उतरलेली. एका मेकॅनिकनं बॅटरी बदलायला लावली. दुसऱ्यानं डायनामो बदलला. तिसऱ्यानं कटआऊट बदलला, म्हणजे डायनामोचा करंट बॅटरीला बेतानं देणारी डबी. प्रत्येकाच्या हातगुणानं गाडी दोन दिवस गुण्यागोविंदानं चालायची आणि तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. तिसऱ्या मेकॅनिकला सीट काढून आतल्या वायरी बघायच्या होत्या. दादांनी त्याला बघू दिलं नाही. "सीटखाली काय न्हाई," म्हणाले आणि त्याला चहाला घेऊन गेले. हे मला नंतर कळलं.

दसऱ्याला मी माहेरी होते. आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा होते. झेंडूचा हार, हळदकुंकू, चारी चाकांखाली चार लिंबं. नारळ फोडला की गाडी लिंबांवरून पुढे न्यायची. पूजा घराच्या दारात, म्हणजे सपाटीवर. दादा आंघोळ करून, टोपी घालून गाडीत बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. सेल्फनं नुसतं टक् केलं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. गल्लीतली माणसं आपापल्या गाड्यांची लिंबं चिरडून आमच्याकडे बघायला आली. शेवटी पाचसहा जणांनी धक्का मारून गाडी लिंबांवरून ढकलली. दादा स्टिअरिंग धरून समोर बघत बसले होते.

माझ्या धाकट्या भावाचं गावात खताचं दुकान आहे. चारचौघांत उठबस असलेला माणूस तो. त्याचा पारा चढला. "दादा, आता बास. लोकं हसायलेत," तो म्हणाला. "दिवाळीच्या पाडव्यापर्यंत नीट झाली तर ठीक. न्हाई तर मी भंगारवाल्याला बोलावणार."

दादा म्हणाले, "बरं."

दादा 'बरं' म्हणणाऱ्यांतले नव्हेत. त्यांना साधं जेवायला बसा म्हटलं तरी ते आधी 'कावून', म्हणजे 'का', असं विचारतात. गाडी गेली तर माझे रविवार गेले, हे मला तिथेच कळलं. दादांना एसटीची पायरी आता चढवत नाही. भावाच्या मोटारीत बसलं की त्यांना मळमळतं, कारण चालवणारा दुसरा असतो. मोटारसायकलवर मागे बसायचं त्यांना आवडत नाही. म्हणजे ते घरी बसणार, मी महिन्यातून एकदा जाणार आणि दोघंही 'बरं चाललंय' म्हणणार. मला ते नको होतं.

धनत्रयोदशीला मी माहेरी पोचले ती प्रयोगशाळेतला मीटर पिशवीत घालून. दादांनी तो उलटसुलट करून पाहिला. "नाडी बघायचं यंत्र का?" म्हणाले.

"तसंच समजा."

आता एक कबुली देते. मी पंधरा वर्षं मुलांना विद्युतप्रवाह शिकवते आहे, पण घरातला साधा फ्यूज उडाला तरी नवऱ्याला हाक मारते. फळ्यावरची बॅटरी दोन रेघांची असते, तिचं काळं हाताला लागत नाही. तरी मी बोनेट उघडलं. गाडी दादांनी उतारावरून चालू करून दारात आणली होती. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदाच्या वर व्होल्ट दिसले. म्हणजे डायनामो ठणठणीत होता आणि बॅटरी भरत होती. घरात धान्य येत होतं, पण कणगीला खालून भोक होतं. गाडी बंद असताना कोण करंट खातंय ते शोधायचं होतं.

त्यासाठी बॅटरीचं एक टर्मिनल सोडवून मीटर मधेच जोडावा लागतो, म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून जातो. मी तो जोडला आणि दादांना बजावलं, "कशाला हात लावू नका." पाठ वळवून डोळ्यांवर चष्मा चढवते तोवर दादांनी आत बसून सेल्फ मारला. मारून बघावा म्हणाले, आता तर यंत्र लावलंय. सेल्फ ओढतो तेवढा करंट त्या मीटरला कुठला झेपायला. मीटरचा फ्यूज गेला आणि पडदा मेला.

मी ओरडले. बाप आहे, वय झालंय, सणाचा दिवस आहे, कशाचं भान ठेवलं नाही. "एक सांगितलेलं ऐकत नाही तुमी. मग जाऊ द्या भंगारात," असंही बोलून गेले. दादा गाडीतून उतरले, चाकाखालचा दगड उगाच पायानं सरळ केला आणि गोठ्याकडे गेले. ते कधीच उलट बोलत नाहीत. त्याचा मला तेव्हाही राग आला.

संध्याकाळी भावानं मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून तसला फ्यूज आणून दिला. मुकाट्यानं दिला, त्याअर्थी गाडी जावी असं त्यालाही मनातून वाटत नव्हतं.

नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला आणि मी पुन्हा बोनेटखाली गेले. गाडीची किल्ली या वेळी माझ्या कमरेला होती. मीटरवर आकडा आला, अर्ध्या अँपिअरच्या जरा आत. बंद गाडी एवढं खात होती. दिसायला किरकोळ, पण दोन दिवस सतत खाल्लं तर तेवढ्यानं डिझेल इंजिनचा सेल्फ फिरत नाही. मग मी एकेक फ्यूज उपसायला लागले. हेडलाईटचा काढला, आकडा तोच. हॉर्नचा, इंडिकेटरचा, टेपचा. चिवड्याच्या रिकाम्या ताटलीत सगळे फ्यूज जमा झाले आणि मीटरवरचा आकडा जागचा हलला नाही. याचा अर्थ एकच होता. कुठली तरी वायर फ्यूजच्या डबीला बगल देऊन थेट बॅटरीवर जोडलेली होती.

हे मी मोठ्यानं म्हटलं. दादा बाजूला उपड्या पाटीवर बसले होते, ते उठले. "जाऊ दे माय. जुनी झाली गाडी. सणासुदीचं हात काळे करून घेऊ नको."

"आता थांबते होय? सीट काढा."

"सीटखाली उंदरं असतेत."

"असू द्या."

"तिथं काय न्हाई म्हन्लं ना."

मी बॅटरीकडे नीट बघितलं. नव्या जाड वायरींच्या खाली एक जुनी बारीक वायर टर्मिनलला आवळलेली होती. तिच्यावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या, इतक्या जुन्या की त्यांचा रंग गाडीच्याच रंगाचा झाला होता. तीन मेकॅनिकांनी तिला गाडीचीच समजून परत जागच्या जागी बसवलं असणार. मी बोटानं तिच्या मागे मागे गेले. ती पत्र्याच्या भोकातून आत शिरली, मॅटखालून गेली आणि सीटच्या मागे वर आली. मी सीट पुढे ओढली. मागे भावाच्या दुकानाच्या मिश्रखताच्या दोन फुटक्या पिशव्या होत्या, कुण्या गिऱ्हाइकानं परत केलेल्या. पावसाळ्यात खताला पाणी सुटतं हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. ते पाणी झिरपून खाली एका दोन पिनांच्या सॉकेटमध्ये गेलं होतं. सॉकेट हिरव्यापांढऱ्या बुरशीसारख्या थरानं भरलं होतं. खारट ओल दोन्ही पिनांना जोडून बसली होती आणि दिवसरात्र थोडाथोडा करंट पीत होती.

सॉकेट एका फळकुटावर बसवलं होतं. फळकुटावर रंगानं काढलेलं अर्धं कमळ होतं. तो आमच्या घरातला जेवायचा पाट होता. सहाचे पाच पाट कसे झाले म्हणून आईनं एकेकाळी घर डोक्यावर घेतलं होतं.

ते अर्धं कमळ पाहून मी सीटच्या कडेवर बसले.

मी बारावीत होते त्या वर्षी संध्याकाळी सात वाजले की गावची लाईट जायची ती अकरालाच यायची. तेव्हा दादांनी ही युक्ती केली होती. गाडी खिडकीशी लावायची, गाडीच्या बॅटरीवरून वायर आत घ्यायची आणि तिला इंडिकेटरचा एक बल्ब अडकवायचा. पिवळा, एका वहीपुरता उजेड. त्या उजेडात मी वर्षभर अभ्यास केला. ही गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते, अगदी अभिमानानं. पण मला त्या गोष्टीचा अर्धाच भाग माहीत होता.

बारावीच्या गणिताच्या पेपरला केंद्र अंबाजोगाईला होतं. सकाळी मी गणवेशात गाडीत बसले आणि गाडीनं टक् केलं. गल्लीनं धक्का मारला, बराच वेळ मारला, सपाटीवर ती काही केल्या धरेना. अखेर चालू झाली आणि आम्ही पोचलो तेव्हा घंटा होऊन गेली होती. केंद्राच्या फाटकापाशी, बाकीच्या पोरींच्या आईबापांसमोर मी दादांना म्हणाले होते, "तुमच्या या भंगारामुळं माझं वर्ष जाणार." दादा पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर उभे होते. मी पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले आणि ते वाक्य विसरून गेले.

दुसऱ्या दिवसापासून गाडी खिडकीशी लागायची बंद झाली. ती गल्लीच्या तोंडाशी, उतारावर, चाकाखाली दगड लावून उभी राहायला लागली आणि बल्बची वायर तेवढी लांब झाली. मी एवढंच पाहिलं होतं की उजेड पूर्वीसारखाच येतोय.

एकवीस वॅटचा बल्ब, बारा व्होल्टची बॅटरी. भागाकार केला तर पावणेदोन अँपिअर. चार तास रोज. आधीच कुणीतरी वापरून टाकलेली बॅटरी, आणि सकाळी थंड पडलेलं डिझेल इंजिन. 'एका वाहनाचा दिवा बंद करायचा राहिला, तर...' असं उदाहरण मी दरवर्षी फळ्यावर घालते. शेकडो मुलांच्या वह्यांत त्याचं उत्तर तपासलं आहे. आणि ज्या एका गाडीसाठी ते करायला हवं होतं, तिच्यासाठी मी वीस वर्षांत तो भागाकार केला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गाडी बंद पडली होती ती मी अभ्यास केला म्हणून. दादांना ते त्या फाटकापाशीच ठाऊक असणार. एका वाक्यात त्यांना मला गप्प करता आलं असतं.

मला रडू आलं. पदर ग्रीसनं माखलेला होता, त्यालाच डोळे पुसले.

"दादा," मी म्हणाले, "गणिताच्या पेपरच्या दिवशी गाडी कावून बंद पडली होती?"

दादा वाकून सॉकेट बघत होते. "लई दिस झाले त्याला," ते म्हणाले. "दहाचा पाना दे इकडं."

"तुमाला माहीत होतं."

"पाना दे म्हन्लं ना."

मी पाना दिला. त्यांनी स्वतःच्या हातानं ती वायर टर्मिनलवरून सोडवली. मीटरवरचा आकडा शून्याला जाऊन टेकला. दादा पडद्याकडे बघून म्हणाले, "हिला काय लावलंच न्हाई, तर ही कशाला करंट खाईल, असं वाटायचं मला. म्हनून सीट काढू दिली न्हाई."

"काढून टाकू का आता सगळी?"

"राहू दे. एवढी लांबची वायर वढून काढायची म्हनजे मॅट फाटंल." मॅट आधीच चार ठिकाणी फाटलेली होती. त्यांनी वायरीच्या सुट्ट्या टोकाला ट्यूबची पट्टी गुंडाळली, नीट, जखमेला बांधतात तशी, आणि ती परत आत सरकवून दिली. गंजलेलं सॉकेट काढलं. पाटाचा तुकडा पुसून घरात घेऊन गेले.

लक्ष्मीपूजनाचा दिवस गाडी दारात सपाटीवर तशीच उभी राहिली. दादा दहा वेळा बाहेर येऊन तिच्याकडे बघून गेले, हात मात्र लावला नाही. मीही दोनदा गेले. पाडव्याला सकाळी आईनं दादांना ओवाळलं आणि आम्ही सगळे दारात आलो. भाऊ हाताची घडी घालून उभा राहिला. दादांनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्याला चालू झाली आणि सगळ्या गल्लीत काळा धूर सोडला.

भाऊ धुरातून म्हणाला, "राहू द्या मग."

"तुझं खत मात्र हितून पुढं मागच्या हौद्यात," दादा म्हणाले. "तुझ्या खतानं केलंय हे." भावानं मान डोलावली. त्यानं मागाहून दुकानात जाऊन भंगारवाल्याला फोन केला आणि येऊ नको म्हणून सांगितलं, हे आईकडून समजलं.

पुढच्या रविवारी मी अंबाजोगाईला घरी होते. सकाळपासून दार उघडं टाकून बसले होते. अकराच्या सुमाराला लांबून ओळखीचा खोकला ऐकू आला, आणि गाडी आमच्या दाराकडे न येता टाकीच्या बाजूला जाऊन थांबली. मी चपला घालून निघाले. टाकीपाशी पोचले तेव्हा दादा चाकाखाली दगड सरकवत होते. हौद्यात ज्वारीचं पोतं होतं.

"दादा, बॅटरी चांगली आहे आता. माझ्या दारात लावली असती तरी चालली असती."

"चालली असती की."

"मग?"

त्यांनी पोत्याचं एक टोक धरलं, दुसरं माझ्याकडे केलं. "तुझा काय भरवसा," म्हणाले, "परत अभ्यासाला बसलीस तर?"